इटालियन मोटार विकणे आहे

सुखदेवराव तायडे यांना गाडी विकायची होती. मी बदली होऊन कारंज्याला आलो तेव्हा ती विकायची होती, माझं लग्न झालं तेव्हा विकायची होती, मला चष्मा लागला तेव्हाही ती विकायचीच होती. त्यांच्या फाटकावर टिनाची पाटी होती : 'इटालियन मोटार विकणे आहे. गिऱ्हाइकाने आधी हात धुवावे.' पाटीखाली खरोखरच एक रांजण, तांब्या आणि लाल साबणाची वडी ठेवलेली असे. कुणी उचलून नेऊ नये म्हणून वडीला भोक पाडून ती सुतळीनं फाटकाला बांधली होती. उन्हानं पाटीवरचा रंग उडे, तायडे तो पुन्हा भरत. वस्तू विकली न जाता तिची पाटी मात्र वर्षानुवर्षं रंगवत बसलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मी हायस्कूलात इंग्रजी शिकवत असे आणि तायड्यांच्या भिंतीला लागून असलेल्या घरात भाड्यानं राहत असे. पोरांना कर्तरी-कर्मणी समजावून घसा कोरडा पडलेला, बाहेर वऱ्हाडातलं ऊन, आणि मी जरा आडवा होतो न होतो तोच भिंतीपलीकडून हाक येई.

"मास्तर, झोपले का?"

हा प्रश्न झोपलेल्या माणसालाच विचारतात. मी उत्तर दिलं नाही तर तायडे थोडं थांबत आणि मग चांगलं मोठ्यानं म्हणत, "झोपू द्या बाप्पा, झोपू द्या. मले फकत एक इंग्लिश शब्द पुसायचा होता." त्यानंतर काय झोप लागणार?

इंग्रजी येणारा शेजारी म्हणून गाडीची जाहिरात लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. गाडी ढकलायचं कामही माझंच होतं, पण त्याला इंग्रजी लागत नसे. पहिल्याच जाहिरातीच्या वेळी त्यांनी विचारलं, "मास्तर, ग्रँड टूरिंग म्हंजे काय जी?"

मी म्हटलं, "श्रीमंत लोकांची लांबच्या प्रवासाची गाडी. डोंगर ओलांडून या देशातून त्या देशात आरामात जायचं, त्यासाठी केलेली."

"मंग तसंच लिहा. डोंगर सोडू नका."

मी डोंगर लिहिले. पण माझ्या डोळ्यांदेखत ती गाडी कधी कामरगावच्या पुढं गेली नाही.

गाडी मात्र देखणी होती, हे थकलेल्या माणसानंही कबूल केलं पाहिजे. लांबलचक नाक, तारांची चाकं, दोनच दारं, पिकल्या बोराचा लाल रंग. नाकावर इटालियन अक्षरांत तिचं नाव होतं. ते कारंज्यात कुणाला उच्चारता येत नसे, मलाही नाही. तायड्यांना येई, पण दर वेळी निराळं येई. लढाईच्या आधी एका लहानशा संस्थानिकानं ती बोटीनं मागवली होती. संस्थानं गेली तेव्हा ती आमच्या इथल्या एका जिनिंगवाल्या शेटजींनी मुलाच्या वरातीसाठी घेतली. वरातीतच ती बंद पडली, आणि नवरदेव बैलगाडीतून मांडवात गेला. शेटजींनी रागानं तिला जिनिंगच्या गोदामात लोटलं. पुढं जिनिंगच बंद झालं, शेटजी मुंबईला गेले आणि जाताना आपल्या ड्रायव्हरला म्हणाले, "तायडे, ते धूड तू घेऊन जा."

हा ड्रायव्हर म्हणजेच सुखदेवराव. त्यांनी तिला बैलजोडी लावून घरी आणलं, अंगणात टिनाचं छप्पर घातलं आणि वर्षानुवर्षं खपून तिला पुन्हा उभं केलं. स्टेअरिंगचं लाकूड इथल्या सुताराचं, सागवानाचं. बसायच्या जागेचं कातडं मंगरूळपीरहून आणलेलं. आत कुठं पाण्याच्या इंजिनाचा एखादा तुकडा होता, कुठं शिवणयंत्राची दांडी होती. पण बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, ही आत्ताच बोटीवरून उतरली.

तायडे उंच, काटक, पांढऱ्या मिशांचे. लढाईत ते फौजेचा ट्रक चालवायला इटलीत गेले होते. तिथून ते एक जुनं घोंगडं आणि तीन शब्द घेऊन परतले. घोंगडं फाटलं, शब्द मात्र अजून धडधाकट होते. 'पियानो, पियानो' म्हणजे हळूहळू. 'मांजा' म्हणजे जेव. 'बस्ता' म्हणजे पुरे. हे तिन्ही शब्द ते कारंज्यात सर्रास वापरत. हमाल पोती उतरवत असला की तायडे लांबून ओरडत, "पियानो, पियानो!" घरी पाहुणा आला की त्याच्यापुढं ताट ठेवून म्हणत, "मांजा!" आणि पाहुणा पतंग शोधत वर बघे.

या तिसऱ्या शब्दानं मात्र त्यांच्या घरात मोठाच घोळ घातला. ती हकिगत मी कारंज्यात येण्याआधीची. मला ती अनुसयाकाकूंनी, म्हणजे तायड्यांच्या पत्नीनं, भिंतीपलीकडून डाळ निवडता निवडता सांगितली.

त्यांची एकुलती एक मुलगी शालू. ती शिकून मास्तरीण झाली आणि कामरगावच्या शाळेत लागली. ती शाळेत गेलेली असताना नागपूरकडचे काही पाहुणे स्थळ पाहायला म्हणून सहज आले होते. पोहे झाले, चहा झाला, काकू दुसऱ्यांदा चहा ओतायला लागल्या. तायड्यांनी हात आडवा करून म्हटलं, "बस्ता, बस्ता!"

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. लग्नाच्या कापडचोपडाला आपल्याकडं बस्ताच म्हणतात. त्यांतले वडीलधारे गृहस्थ खुशीत येऊन म्हणाले, "आता तुमी बस्त्यावरच आले तं मंग आमचंबी हो समजा. बस्ता तुमच्याकडून का आमच्याकडून?"

आता 'मला चहा पुरे होता' असं सांगणं तायड्यांना कमीपणाचं वाटलं. शिवाय स्थळ चांगलं होतं. ते म्हणाले, "दोघाईकडून." झालं, सोयरीक ठरली.

"पोरीले कोणी पुसलंच नाई," काकू म्हणाल्या. "ते शाळेतून आली तं तिच्या लग्नाची तारीख भिंतीवर लिहून होती."

शालू दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी शाळेत गेली. दोन-चार आठवड्यांनी ती घरी आली ती रजिस्टर लग्न करूनच. नवरा तिच्याच शाळेतला, मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा, राठोड गुरुजी. तायड्यांचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. समतेवर ते विहारात उभं राहून चांगलं तासभर बोलत. त्यामुळं जातीवरून बोलायची त्यांची पंचाईत झाली. ते एवढंच म्हणाले, "जातीचं मले काई नाई. मले पुसलं काहून नाई?"

शालू म्हणाली, "तुमी मले पुसलं होतं का?"

ती त्यांचीच पोरगी. दोघांचाही आवाज चढला, आळी गोळा झाली, आणि सगळ्यांसमोर तायडे म्हणाले, "तुया दारात मी मरेपर्यंत पाय ठेवणार नाई."

"अन् त्याच उन्हाळ्यात," काकू डाळीतला खडा फेकत म्हणाल्या, "बुढ्यानं फाटकावर पाटी लावली. मी म्हटलं, पोरगी गेली तं आता गाडीवरूनबी मन उडालं वाट्टे. बरं झालं, अंगण तरी मोकळं होईल. कायचं काय मास्तर! अजून उभीच हाये."

काकू स्वतः महिन्यातून एकदा एसटीनं उघडउघड कामरगावला जात. पिशवीत पापड, लोणचं, नातीचं झबलं असे. तायडे त्या दिवशी गाडीखाली शिरत आणि काकू परत येईपर्यंत बाहेर निघत नसत. परत आल्यावर ते काही विचारत नसत. काकूही त्यांना काही सांगत नसत. त्या मला सांगत, पण भिंतीपलीकडं गाडीखाली ऐकू जाईल अशा आवाजात.

आता एवढी देखणी गाडी विकली का जात नसे? गिऱ्हाइकं येत नसत असं नाही. अकोल्याचा एक कापूस दलाल आला. त्यानं हात धुतले, गाडीभोवती फिरला, डिकी उघडली, आणि मग खिशातून पानाची पुडी काढत म्हणाला, "अ‍ॅव्हरेज काय देते?"

तायड्यांनी डिकी बंद केली. "तुमी जा."

"काहून? काय झालं?"

"गाय घ्याले आले का तुमी? दूध किती देते म्हून पुसून राह्यले! याले गाडी नाई भेटत."

दलाल माझ्याकडं पाहू लागला. मी नुसते खांदे उडवले. तोपर्यंत माझ्यात तेवढंच त्राण उरलं होतं.

एकानं विचारलं, रंग बदलून हिरवा करता येईल का. तो फाटकाबाहेर गेला. एका सिनेमावाल्यानं टपावर कर्णा बांधून जाहिरात फिरवायची म्हटलं. त्याला तर रांजणातलं पाणीही मिळालं नाही. पण हे सगळे नशीबवान. ज्यांच्यात काहीच खोट सापडत नसे, त्यांना गाडीत बसवून फेरफटका मारून आणावा लागे, आणि त्या फेरफटक्याला मीही लागत असे. "साक्षीदार पाह्यजे," असं तायडे म्हणत. कशाचा, ते मला कधी कळलं नाही.

त्या गाडीला मागं एक बैठक होती. ती माणसासाठी नव्हे, हॅटसाठी केली असावी. मी तिथं अंगाची घडी करून बसे. मला तिथून फक्त स्वतःचे गुडघे दिसत. तायडे चालवत, गिऱ्हाईक शेजारी, आणि रस्ता नेहमी एकच, कामरगावचा. कुणी म्हटलं, मानोऱ्याकडं जाऊ, तिकडं चढ-उतार आहेत, गाडीचा दम कळेल, तर तायडे मान हलवत. "या गाडीले कामरगावचाच रस्ता मानवते."

कामरगावात शिरलं की गाडी एकदम मुंगीच्या चालीनं चाले. तायडे स्वतःशीच "पियानो, पियानो" म्हणत आणि एका ठिकाणी न चुकता दोनदा भोंगा वाजवत. गिऱ्हाइकानं कारण विचारलं तर सांगत, "इथं म्हशी आडव्या येतात." मला गुडघ्यांपलीकडं काही दिसत नसल्यानं मी म्हशींवर विश्वास ठेवला. पुढच्या वळणावर ते गाडी फिरवत, पुन्हा तसेच हळू येत, पुन्हा दोनदा भोंगा. घरी आल्यावर गिऱ्हाइकात काहीतरी खोट निघेच. एकाचा हात घामट होता. एक दार आपटत होता. एक तर म्हणे, "लय हसते."

मधेच पेट्रोलचे भाव भडकले. काकू रोज बोलू लागल्या. तायड्यांच्या गुडघ्यांना वात धरला, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला. तरी दर काही महिन्यांनी ते म्हणत, "मास्तर, पेपरात पुन्हा देऊ एकदा जाहिरात. लय दिवस झाले, कोणी आलं नाई." त्यांच्या आवाजात थकवा असे, पण घाईही असे. मी डोंगरांसकट जाहिरात लिहून देई. तोवर ती मला पाठ झाली होती.

अशाच एका जाहिरातीवर नागपूरच्या डॉक्टरीणबाई आल्या.

साठीच्या, ठेंगण्या, आखूड कापलेले पांढरे केस, आपली गाडी आपणच चालवत आलेल्या. त्या उतरल्या आणि पाटी वाचायच्या आधीच रांजणाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुऊ लागल्या. दवाखान्याची सवय. सुतळीला बांधलेली साबणाची वडी त्यांनी जराही आश्चर्य न दाखवता वापरली. तायडे ओट्यावरून पाहत होते. पहिल्या फटक्यातच ते निम्मे हरले.

बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर पालथा हात ठेवला आणि विचारलं, "हिला काय सोसत नाही?"

इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. तायडे ओट्यावरून उतरून गाडीपाशी आले. मग म्हणाले, "ऊन. अन् घाई."

"मलाही नाही सोसत," बाई म्हणाल्या. "चला, जरा चालवून पाहते."

"मी चालवतो, तुमी बसा बाजूले."

"अहो, घेणार मी. चालवणार मी. आणि चालवायची तुम्ही?"

तायड्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आधीच हॅटच्या जागेवर घडी होऊन बसलो होतो. शेवटी ते डाव्या बाजूनं आत बसले. आपल्याच गाडीत ते त्या बाजूला बहुधा पहिल्यांदाच बसले असावेत. हात कुठं ठेवावेत हे त्यांना समजेना.

बाई गाडी छान चालवत होत्या. पण वैशाखातलं ऊन, आणि तायड्यांनी ते आधीच सांगून ठेवलेलं. कामरगावच्या वेशीपाशी बोनेटमधून वाफ येऊ लागली. मी मागून मान लांबवून पाहिलं तर काटा तांबड्या रेघेला टेकलेला.

"चालू द्या, चालू द्या," तायडे म्हणाले. "पुढं हापशी हाये."

"पेशंटला एवढा ताप आणि तुम्ही चालू द्या म्हणता?" बाईंनी डावीकडं निंबाची सावली पाहिली, तिथं गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं.

"इथं नका, बाई! इथं नाई!"

"का? इथं काय आहे?"

निंबामागं एक ठेंगणं कौलारू घर होतं, ओटा सारवलेला, दाराला निळा रंग. ते दार उघडलं आणि एक बाई पाण्याची बादली घेऊन बाहेर आली. तिची चाल पाहिली, हनुवटी पाहिली आणि ती कोण हे मला कुणी सांगायची गरज उरली नाही. इतकी वर्षं कोणत्या म्हशींसाठी भोंगा वाजत होता, तेही कळलं.

शालूनं बादली गाडीपुढं ठेवली. बापाकडं न पाहता म्हणाली, "आज भोंगा नाई वाजवला, बाबा."

तायडे समोरच्या काचेकडं पाहत म्हणाले, "आज मी चालवून नाई राह्यलो."

बाई आणि मी बोनेट उघडून वाफ निवायची वाट पाहत उभे राहिलो. तायडे आतच बसले होते, गुडघे जुळवून, पाय जमिनीवरून किंचित उचललेले, जणू गाडीच्या खालची मातीसुद्धा शालूच्या दारात मोडत होती.

शालूनं तांब्याभर पाणी आणून खिडकीतून पुढं केलं. "पाणी तरी घ्या. उन्हाचं आले."

"गाडीले पाह्यजे पाणी."

"गाडीले बादली हाये. हे तुमाले."

त्यांनी तांब्या घेतला. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. एवढ्यात दारातून चारेक वर्षांची एक मुलगी धावत आली आणि आईच्या लुगड्याआड उभी राहून गाडीकडं पाहू लागली. शालूनं तिला उचललं, खिडकीतून आत घातलं आणि सरळ तायड्यांच्या मांडीवर बसवलं.

"तुमाले दारात पाय ठेवायचा नाई ना? नका ठेवू," ती म्हणाली. "पण हिनं तं काई म्हटलं नाई. हे बसते तुमच्या दारात."

तायड्यांनी हात वर उचलून धरले होते. मांडीवरचं पोर पडेल म्हणून शेवटी ते हात खाली आले आणि तिच्या पोटाभोवती जुळले.

राठोड गुरुजी आतून आले. शर्टाची बटणं लावत लावत खिडकीशी वाकून म्हणाले, "जय भीम, मामा." हा नमस्कार न घेता परत पाठवणं तायड्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं. ते पुटपुटले, "जय भीम."

डॉक्टरीणबाई एवढ्या वेळात सगळं समजल्या असाव्यात. इंजिन कधीच निवलं होतं. पण त्या ओट्यावर जाऊन ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "मी चहा घेतल्याशिवाय हलणार नाही. साखर जास्त."

मग आम्ही ओट्यावर चहा प्यालो आणि तायडे गाडीत प्याले. गुरुजींनी कप खिडकीतून दिला, बशी टपावर ठेवली. मांडीवरच्या पोरीनं विचारलं, "आबा, हे दाबलं तं काय होते?" त्यांनी दाबून दाखवलं. मग तिनं दाबलं. मग ती थांबेचना. भोंग्यानं सगळी गल्ली गोळा झाली, आणि लोक पाहू लागले की एक म्हातारा जावयाच्या दारात मोटारीत बसून बशीनं चहा पितोय. एकानं विचारलंच, "पाहुणे उतरत काहून नाई?"

शालू म्हणाली, "त्याईचे पाय दुखते."

परतीच्या वाटेवर तायडे काच पुसायच्या फडक्यानं अधूनमधून तोंड पुसत होते. घरी आल्यावर मी गुडघे सरळ करेपर्यंत बाई त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या होत्या.

"तायडे, खरं सांगा. तुम्हाला ही गाडी विकायची आहे का?"

"नोती विकायची," ते म्हणाले. "आता हाये. तुमी घेऊन जा, बाई. मले आता तिचं काम नाई."

मी पुढं होऊन म्हटलं, "पुन्हा विचार करा." मी असं का म्हटलं कोण जाणे. माझी तर सुटका होत होती.

"ईचारच करत होतो ना इतके वर्सं," ते म्हणाले.

आठवड्यानं बाई येऊन गाडी घेऊन गेल्या. तायड्यांनी त्यांना गाडीच्या साऱ्या खोडी सांगितल्या, सकाळी काय करायचं, चढावर काय करायचं, कुठला आवाज खरा आणि कुठला खोटा. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. गाडी वळणाआड गेली तरी ते रस्त्यावर उभे होते. मग आत गेले आणि रिकाम्या छपराखाली खाट टाकून पडले. काकूंना हवं होतं तसं अंगण मोकळं झालं. पण काकूंना तिथं दोन दिवस कुरडया वाळत घालवेनात.

माझी दुपारही मोकळी झाली. मी आडवा होई, डोळे मिटे आणि भिंतीकडं कान देऊन पडून राही. पलीकडून काही ऐकू येत नसे.

पुढच्या रविवारी मी बाजाराला निघालो तर एसटी स्टँडवर तायडे दिसले. इस्त्रीचा सदरा, पायात फौजेतले बूट, हातात चिवड्याची पुडी. काकू पिशवी घेऊन बाकावर बसल्या होत्या, हे मात्र ताठ उभे होते.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"कुठी नाई. इकडंच." मग जरा थांबून ते म्हणाले, "मास्तर, एसटीत म्हातारा मानूस पुढं बसला तं चालते ना? मागं गचके लय बसते म्हंते अनुसया."

कामरगावची गाडी लागली. ते पुढं बसले. मी हात केला तो त्यांना दिसला नाही. ते आपले ड्रायव्हरच्या हातांकडं पाहत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर काकू भिंतीपलीकडं होत्या. मला राहवेना. मी विचारलं, "काकू, काल ते गेले होते का आत? की दारातूनच परत आले?"

"सांगतो ना," काकू म्हणाल्या. त्यांनी डाळीचं सूप खाली ठेवलं. "गेला बाप्पा बुढा. पयले लय वेळ ओट्यावर बसला. पोरीले चिवडा देला. आत या म्हटलं तं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. मंग शालू आतूनच वरडली, का स्टो पेटून नाई राह्यला, च्या कसा करू? गुरुजी म्हणे, मी पायतो. थे काय पायते, त्याले काई समजत नाई त्यातलं. बुढ्यानं ओट्यावरूनच दोन-तीनदा सांगून पायलं, असं कर, तसं कर. जमेचना. शेवटी ताडकन उठला, अन् दारातून सरळ आत. बूटबी काढले नाई. जमिनीवर बसला अन् स्टो खोलला."

"आणि जावयाशी बोलले?"

"बोलला ना. 'पाना दे' म्हणला."

काकू हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

"स्टोले काईच झालं नोतं, मास्तर," त्या म्हणाल्या. "आमी एसटीतून उतरून राह्यलो होतो, तवाच शालूनं त्याचा वायसर काढून कुंकवाच्या डबीत ठेवला होता."